शासनावरचा विश्वास आणि दानाचा ओघ : जबलपूरच्या तळ्यांतला हिशेब

मदन महल (जबलपूर) : सरकारवर विश्वास असलेला नागरिक अधिक दान करतो, की विश्वास उडालेला? वरवर पाहता या प्रश्नाची दोन्ही उत्तरे पटण्यासारखी आहेत. सरकार आपले कर्तव्य करील अशी खात्री असलेला माणूस म्हणेल, ‘मी कर भरतो, पुढचे सरकार पाहील.’ ती खात्री नसलेला म्हणेल, ‘कोणी येणार नाही, आपणच काही केले पाहिजे.’ या तर्काने अविश्वासातून दान वाढायला हवे. पण याच्या उलट अनुभवही तितकाच परिचयाचा आहे. जिथे कायदा, न्यायालय आणि हिशेब यांवर लोकांचा भरवसा असतो, तिथे अनोळखी संस्थेच्या हाती पैसे सोपवायला ते कचरत नाहीत. जिथे तो नसतो, तिथे दानाचा हात आपले घर, आपली जात आणि आपले देऊळ यांपलीकडे सहसा जात नाही.

या कोड्याचा अभ्यास जगभर चालू आहे. मात्र त्याचा एक जुना आणि आकड्यांनिशी नोंदलेला दाखला जबलपूरमध्ये सापडतो. शहराच्या मदन महल भागात गोंड राजवटीची आठवण सांगणारा किल्ला टेकडीवर उभा आहे. पायथ्याच्या परिसरात आणि शहरभर एकेकाळी तळ्यांचे जाळे होते. जबलपूरकर आजही ‘५२ ताल’ असा त्याचा उल्लेख करतात. राणीताल राणी दुर्गावतीने, चेरीताल तिच्या दासीने आणि आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याने बांधले, असे परंपरा सांगते. राणी, मंत्री आणि दासी या तिघांच्या नावांची तळी एकाच शहरात असावीत, यातच या विषयाचे मूळ आहे. राज्य करणारा आणि दान करणारा यांच्यातली सीमारेषा त्या काळी आजच्याइतकी ठळक नव्हती.

स्लीमनची मोजणी

गोंडांनंतर १७८१ मध्ये जबलपूर सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. डिसेंबर १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यानंतरच्या दशकांत येथे काम केलेला अधिकारी म्हणजे विल्यम हेन्री स्लीमन. ठगांच्या बंदोबस्तासाठी तो प्रसिद्ध आहे. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स ऑफ अॅन इंडियन ऑफिशियल’ या त्याच्या ग्रंथात लोकांच्या सार्वजनिक वृत्तीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हिंदुस्थानातील माणसाला सार्वजनिक हिताची जाणीव नाही, असा समज त्या काळच्या इंग्रजांत रूढ होता. तो खोडून काढण्यासाठी स्लीमनने जबलपूर जिल्ह्यातील लोकोपयोगी बांधकामांची मोजणी मांडली.

त्या मोजणीनुसार सुमारे ५ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात २,२८८ तळी, पायऱ्यांच्या २०९ बारवा, विटा-दगडांनी बांधलेल्या १,५६० विहिरी, ३६० देवळे आणि २२ मशिदी होत्या. त्या काळच्या मजुरीच्या हिशेबाने या कामांचा एकूण खर्च त्याने ८६ लाख ६६ हजार ४३ रुपये इतका धरला. आजच्या वाचकाने भागाकार केला, तर साधारण २१८ माणसांमागे एक तळे आणि माणशी १७ रुपयांहून अधिक खर्च असे प्रमाण निघते. ही कामे काही एका पिढीत झाली नव्हती. ती शतकांची साठवण होती. तरीही ज्या प्रदेशाने इतक्या राजवटी बदलताना पाहिल्या, तिथे सामान्य सावकार, माळगुजार आणि व्यापाऱ्यांनी एवढी कामे केली होती, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

यामागची प्रेरणा कोणती? स्लीमनच्या मते परलोकातील पुण्य आणि मागे उरणारे नाव या दोन गोष्टींनी लोक खर्चाला प्रवृत्त होत. तळे बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याचे भाडे मिळत नसे. वाटसरू पाणी पिऊन दुवा देई, तीच त्याची मिळकत. आमराईबद्दल त्याने नोंदवलेली प्रथा तर विलक्षण आहे. आंब्याच्या झाडाचे दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, विधिपूर्वक लग्न लावल्याखेरीज आमराई लावणारा आणि त्याची पत्नी तिची फळे चाखत नसत. या लग्नाचा खर्च मोठा असे, आणि तो पेलता न आल्यामुळे आपल्याच बागेतील आंब्यापासून दूर राहिलेली कुटुंबेही होती.

म्हणजे दानाची प्रेरणा सरकारकडून आलेली नव्हती. पण दान टिकणार की नाही, हे मात्र सरकारवर अवलंबून होते. झाडांची लागवड कशी वाढेल याचा विचार करताना स्लीमन जमिनीच्या हक्काच्या प्रश्नाशी येऊन थांबतो. आमराई फळाला यायला वर्षे लागतात. ती लावणाऱ्याला जमीन आपल्या मुलाबाळांकडे राहील, सारा अचानक वाढणार नाही आणि पुढच्या बंदोबस्तात गाव दुसऱ्याच्या हाती जाणार नाही, याची खात्री हवी असते. ही खात्री डळमळली, की परोपकारी माणूसही दीर्घ मुदतीचे काम हाती घेत नाही.

येथे विश्वास आणि दान यांच्या नात्याची पहिली गाठ सुटते. भुकेल्याला आज भाकरी द्यायला सरकारवर विश्वास असण्याची गरज नसते. पण पन्नास वर्षे टिकणारे तळे, बाग, शाळा किंवा रुग्णालय उभारताना ते पुढेही त्याच कामासाठी राहील, असा भरवसा लागतो. तो भरवसा कायद्याच्या राज्यावरचा असतो. अविश्वासाने दान थांबत नाही. त्याची मुदत मात्र आखूड होते.

अर्थशास्त्रज्ञांचे दोन तर्क

सरकार आणि दान यांच्या संबंधावर आधुनिक अर्थशास्त्रात बरीच चर्चा झाली आहे. १९८० च्या दशकात मांडलेल्या एका सिद्धान्तानुसार दात्याला केवळ गरजूचे भले व्हावे एवढेच हवे असेल, तर सरकारने त्या कामावर कराच्या पैशातून एक रुपया खर्च करताच दाता आपले दान एका रुपयाने कमी करील. सरकारी खर्च खासगी दानाला बाजूला सारतो, असा याचा अर्थ. प्रत्यक्षात असे पूर्णपणे होताना दिसत नाही. याचे स्पष्टीकरण जेम्स आंद्रेओनी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने दशकाच्या अखेरीस दिले. माणूस केवळ परिणामासाठी देत नाही. देण्याच्या कृतीतून मिळणारे समाधानही त्याला हवे असते. सरकारने तेच काम केले, तरी हे समाधान सरकार त्याला देऊ शकत नाही. आपल्याकडच्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही, कारण ‘पुण्य’ या शब्दात हा अर्थ फार पूर्वीपासून आहे.

पुढे आंद्रेओनी आणि अबिगेल पेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक बाब समोर आली. अमेरिकेतील धर्मादाय संस्थांना सरकारी अनुदान मिळू लागल्यावर खासगी देणग्या घटल्या. पण त्याचे मुख्य कारण दात्यांनी हात आखडता घेतला हे नव्हते. अनुदान मिळाल्यावर संस्थांनीच देणग्या मागण्याचे प्रयत्न कमी केले होते. मागणारा दारात आला नाही, म्हणून देणाऱ्याने दिले नाही.

दुसरा तर्क समाजशास्त्रज्ञांचा आहे. फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तॉकव्हिल याने १८३५ च्या ‘डेमॉक्रसी इन अमेरिका’ या ग्रंथाच्या पुढच्या भागात एक निरीक्षण नोंदवले. नवे कार्य उभे राहते तेव्हा फ्रान्समध्ये त्याच्या अग्रभागी सरकार दिसते, इंग्लंडमध्ये कोणी बडा जमीनदार दिसतो आणि अमेरिकेत लोकांनी स्थापलेली संघटना दिसते, असे त्याचे म्हणणे. आजचे अनेक अभ्यासक याच सूत्राला पुढे नेऊन म्हणतात, की परस्परांवरचा विश्वास आणि संस्थांवरचा विश्वास एकमेकांना बळ देतात, आणि त्यातून स्वेच्छेने देणे वाढते.

जागतिक तुलना मात्र सावध करणारी आहे. ब्रिटनमधील ‘चॅरिटीज एड फाउंडेशन’ या संस्थेचा जागतिक दान निर्देशांक तीन साध्या प्रश्नांवर आधारलेला असे : गेल्या महिन्यात अनोळखी माणसाला मदत केली का, पैसे दान केले का आणि वेळ दिला का. या निर्देशांकात २०१४ ते २०१७ या काळात म्यानमार पहिल्या क्रमांकावर होते, तर त्यानंतर २०२४ पर्यंतच्या बहुतेक वर्षांत इंडोनेशिया पहिला होता. म्यानमारमध्ये दीर्घकाळ लष्करी राजवट होती. तिथल्या दानाची मुळे सरकारवरील विश्वासात नसून बौद्ध परंपरेतील नित्य दानात होती. दुसरीकडे, सरकारवर मोठा विश्वास असलेल्या आणि भरपूर कर देणाऱ्या उत्तर युरोपीय देशांत परोपकाराचा मोठा भाग करांतूनच पार पडतो. तेव्हा विश्वास वाढला की दान वाढते किंवा घटते, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

राजा गोकुळदास ते झेंडा सत्याग्रह

जबलपूरच्या इतिहासात हे नाते एकाच घराण्यात कसे बदलले, ते पाहता येते. मूळचे राजस्थानातील हे सावकारी घराणे येथे स्थिरावले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा गोकुळदास यांचे नाव शहराच्या प्रत्येक मोठ्या कामाशी जोडले गेले. १८८३ मध्ये खंदारी जलाशयातून शहराला पाणी मिळू लागले. त्या योजनेसाठी नगरपालिकेला गोकुळदास यांनी कर्जाऊ रक्कम दिली होती. व्हिक्टोरिया राणीच्या महोत्सवाचे स्मारक म्हणून शहरात टाउन हॉल उभा राहिला, तोही याच घराण्याच्या देणगीतून. आज ती वास्तू गांधी भवन म्हणून ओळखली जाते.

या देणग्यांत आणि जुन्या तळ्यांत एक मोठा फरक आहे. तळे बांधणारा थेट लोकांना देत होता. गोकुळदास यांचा पैसा नगरपालिका या नव्या संस्थेमार्फत लोकांपर्यंत पोहोचला. पालिका कर्ज फेडील, नळ चालू ठेवील आणि हिशेब ठेवील, असा विश्वास त्यामागे होता. सरकारनेही किताब देऊन त्या विश्वासाची परतफेड केली. अर्थात, यात सत्तेशी जवळीक साधण्याचा हेतूही असतोच. त्या काळच्या धनिकांच्या दानातून तो वेगळा काढणे अवघड आहे.

याच काळात शहरात दानाचा आणखी एक प्रवाह सुरू झाला होता. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या हितकारिणी सभेने नागरिकांच्या पुढाकारातून शिक्षणसंस्था उभारल्या. सरकारी महाविद्यालये आणि मिशनऱ्यांच्या शाळा असतानाही लोकांना आपली स्वतंत्र संस्था हवी होती. त्यात सरकारशी वैर नव्हते, पण सर्व काही सरकारवर सोपवण्याची तयारीही नव्हती.

विसाव्या शतकात चित्र पालटले. गोकुळदास यांचे नातू सेठ गोविंददास असहकाराच्या चळवळीत उतरले आणि पुढे दीर्घकाळ जबलपूरचे खासदार राहिले. ज्या टाउन हॉलवर राणीच्या महोत्सवाची मुद्रा होती, त्याच्यावर राष्ट्रीय झेंडा फडकवण्यावरून १९२३ मध्ये संघर्ष पेटला. तिथून झेंडा सत्याग्रह नागपूरला पोहोचला आणि देशभर गाजला. सरकारवरच्या विश्वासातून उभ्या राहिलेल्या वास्तूवरच त्या विश्वासाचा अंत जाहीर झाला.

अविश्वासातून आलेली वर्गणी

दान हे सरकारविरोधी मतदान कसे ठरू शकते, याची दोन उदाहरणे मराठी वाचकाला जवळची आहेत. पहिले पैसा फंडाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत, ही कल्पना गावोगाव नेली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परके सरकार देशी उद्योगांना मदत करणार नाही, हे गृहीत धरूनच हा पैसा जमा झाला होता.

दुसरे टिळक स्वराज्य फंडाचे. १९२१ मध्ये बेझवाडा येथील बैठकीत काँग्रेसने एक कोटी रुपये जमवण्याचे लक्ष्य ठेवले आणि ३० जूनची मुदत घातली. ते लक्ष्य पार झाले. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी सरकारने दिलेला ‘रायबहादूर’ हा किताब परत केला. वकिली सोडणाऱ्यांच्या मदतीसाठी त्यांनी या निधीला एक लाख रुपये दिले. किताब परत करणे आणि देणगी देणे या एकाच निर्णयाच्या दोन बाजू होत्या.

मात्र या दोन्ही निधींना केवळ सरकारवरचा राग पुरेसा नव्हता. लोकांना पैसे घेणाऱ्यावर विश्वास होता, म्हणून ते जमले. सरकारवरचा अविश्वास माणसाला खिशात हात घालायला लावतो. ते पैसे कोणाच्या हाती ठेवायचे, हे मात्र दुसऱ्या विश्वासावर ठरते. तो दुसरा विश्वास नसेल, तर अविश्वास नुसता कुरकुरीत संपतो.

दुष्काळात आखलेली सीमा

१८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला, तेव्हा सरकार आणि दान यांच्या कामाची वाटणी लिखित स्वरूपात झाली. जीव वाचवणे ही सरकारची जबाबदारी असे दुष्काळ संहितेने मानले होते. मग देशा-परदेशांतून जमलेल्या दुष्काळ धर्मादाय निधीने काय करायचे? त्यासाठी चार उद्दिष्टे ठरवली गेली : सरकारी शिध्यापलीकडच्या लहानसहान गरजा भागवणे, अनाथ मुलांचा सांभाळ, उघडपणे मदत मागायला लाजणाऱ्या अब्रूदार गरिबांना साहाय्य आणि सर्वस्व गमावलेल्या शेतकऱ्याला बैल-बियाणे देऊन पुन्हा उभे करणे.

या सीमारेषेमागे व्यवहारज्ञान होते. आपले पैसे सरकारी तिजोरीचा भार हलका करण्यासाठी वापरले जाणार, असे दात्याला वाटले तर तो देत नाही. आपल्या पैशाने असे काही होणार, जे एरवी झाले नसते, ही खात्री त्याला हवी असते. त्याच दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या माध्यमातून शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेतील त्यांचे हक्क समजावून सांगितले. सरकारकडून मिळायचे ते हक्काने मागा, ही भूमिका त्यामागे होती. दान हे हक्काला पर्याय होऊ नये, असा त्याचा आशय.

या आशयाचे महत्त्व पाण्याइतके दुसऱ्या कशातच दिसत नाही. जुन्या काळी धर्मार्थ बांधलेली तळी आणि विहिरी सर्वांसाठी म्हटल्या जात, पण देशाच्या अनेक भागांत अस्पृश्य मानलेल्या समाजाला तिथे मज्जाव होता. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला १९३७ उजाडले. कोणाला द्यायचे, हे दाता ठरवतो. हक्क सर्वांना मिळतो, पण त्याची हमी फक्त राज्यसंस्था देऊ शकते. म्हणून दान कितीही उदार असले, तरी न्यायाची जागा ते घेऊ शकत नाही.

सरकारलाच दिलेले दान

स्वातंत्र्यानंतर एक नवी घडामोड झाली. लोक थेट सरकारच्या हाती दान देऊ लागले. फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी जानेवारी १९४८ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी सुरू झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. मार्च २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘गिव्ह इट अप’ मोहिमेत एका वर्षाच्या सुमारास एक कोटीहून अधिक कुटुंबांनी स्वयंपाकाच्या गॅसवरचे अनुदान स्वेच्छेने सोडल्याचे सरकारने सांगितले. सोडलेल्या अनुदानातून गरीब घरातील चूल धूरमुक्त होईल, असे आवाहन होते. देणाऱ्याला आपल्या त्यागाचे फळ डोळ्यांपुढे आणता आले, हे या प्रतिसादाचे एक कारण मानता येईल.

करोना साथीच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, ‘पीएम केअर्स’ निधीची स्थापना झाली. ३१ मार्चपर्यंतच्या पहिल्या पाच दिवसांतच त्यात ३,०७६ कोटी रुपये जमा झाले. संकटकाळी देशाच्या नेतृत्वाच्या हाकेला किती मोठा प्रतिसाद मिळू शकतो, हे त्यातून दिसले. त्याचबरोबर हिशेबाचा प्रश्नही उभा राहिला. हा निधी सार्वजनिक धर्मादाय न्यास असून माहिती अधिकार कायद्याखालील ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही, अशी भूमिका पंतप्रधान कार्यालयाने घेतली. त्याचे लेखापरीक्षण सनदी लेखापाल करतात, नियंत्रक व महालेखापरीक्षक नव्हे. यावर टीकाही झाली आणि तिचे खंडनही झाले. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निधीतील रक्कम राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीत वळवण्याची मागणी फेटाळली आणि दोन्ही निधी स्वतंत्र असल्याचे स्पष्ट केले. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च ‘पीएम केअर्स’ला दिल्यास तो कायद्याने ग्राह्य आणि मुख्यमंत्री मदत निधीला दिल्यास मात्र नाही, या नियमावरही राज्यांतून आक्षेप आले.

सरकारी निधीला दान देणाऱ्याच्या मनात दोन वेगळे विश्वास असतात, असे या चर्चेतून दिसते. एक नेतृत्वावरचा. तो हाकेसरशी जागा होतो आणि संकट ओसरताच मंदावतो. दुसरा व्यवस्थेवरचा. तो हळूहळू तयार होतो, पण टिकतो.

भूकंप आणि दारातली मदत

जबलपूरने संकट जवळून अनुभवले आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे ४० जणांचा बळी गेला आणि हजारो घरांची पडझड झाली. मदन महल टेकडीवरील प्रसिद्ध तोललेली शिळा मात्र जागची हलली नाही. त्याच्या चार वर्षे आधी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद परिसरात हजारो माणसे गेली. तेव्हा देशभरातून स्वयंसेवक, संस्था आणि मदतीचे ट्रक तिकडे निघाले. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडेही असाच ओघ लागला.

थेट वस्तू घेऊन जाण्याची ही वृत्ती मनाला भिडणारी आहे. तिच्यात अविश्वासाचाही एक धागा आहे. आपली मदत मधल्या कोणाच्या हाती न देता गरजूच्या हाती पडावी, असे दात्याला वाटते. याची किंमत मात्र मोजावी लागते. रस्त्यालगतच्या गावात कपड्यांचा ढीग लागतो आणि आतल्या वस्तीत काहीच पोहोचत नाही. पहिल्या आठवड्यात सर्व येते आणि सहा महिन्यांनी, घर बांधायची वेळ आली की कोणी उरत नाही. समन्वय करणाऱ्या यंत्रणेवर विश्वास नसेल, तर सदिच्छेचा बराच भाग असा वाया जातो.

भारतीय कुटुंबांच्या दानाचा सर्वांत मोठा वाटा धार्मिक स्थळांकडे जातो आणि बराच भाग दारातल्या किंवा रस्त्यावरच्या गरजूला मिळतो. बिगरधार्मिक सामाजिक संस्थांच्या पदरी त्यातले थोडेच पडते. याचा अर्थ भारतीय माणूस कंजूष आहे असा नाही. त्याला जिथे डोळ्यांनी दिसते किंवा श्रद्धेने खात्री वाटते, तिथे तो देतो. मधली जागा, म्हणजे अनोळखी पण कार्यक्षम संस्थांची जागा, त्याला अजून भरवशाची वाटत नाही. कर्करोगाचे उपचार, आदिवासी भागातील शाळा, तळ्यांचे पुनरुज्जीवन अशी दीर्घकालीन कामे याच मधल्या जागेत असतात. विश्वासाच्या तुटवड्याचा भार शेवटी त्यांच्यावर पडतो.

पहारेकरी सरकार

म्हणून शासनावरच्या विश्वासाचे तीन पदर वेगळे करून पाहायला हवेत. सरकार आपले काम करील हा पहिला. आपली देणगी सरकार नीट वापरील हा दुसरा. आणि दान घेणाऱ्या इतरांवर सरकार व न्यायालये नीट लक्ष ठेवतील हा तिसरा. पहिला पदर घट्ट असेल, तर काही कामांतील दान कमी होऊ शकते, आणि त्यात वाईट काही नाही. तिसरा पदर मात्र घट्ट झाला, तर दान वाढते आणि लांब पल्ल्याच्या कामांकडे वळते.

हा तिसरा पदर कायद्यात आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांची स्वतंत्र यंत्रणा आहे. मध्य प्रदेशात १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकारी हे न्यासांचे निबंधक असतात. ‘८० जी’ या नावाने परिचित असलेल्या सवलतीखाली नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळते, मात्र दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ती नाही. नव्या करप्रणालीत वैयक्तिक करदात्याला ही वजावट नसल्याने देणगीचे आकर्षण घटेल का, हा चर्चेचा विषय आहे. देणगी देण्यापूर्वी संस्थेचा नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षित हिशेब आणि देणगीचे प्रमाणपत्र मागणे हा दात्याचा हक्क आहे. तो मागितल्याने चांगल्या संस्थेचा अवमान होत नाही. उलट हिशेब चोख ठेवणाऱ्या संस्थेचे वेगळेपण त्यातूनच लोकांना कळते.

जबलपूरच्या तळ्यांकडे या दृष्टीने पाहिले, की त्यांच्या ऱ्हासाचे एक कारण उमगते. घरात नळ आला, तेव्हा पाण्याची जबाबदारी पालिकेकडे गेली आणि तळ्याची देखभाल हे कोणाचेच पुण्यकर्म उरले नाही. तळ्यांची मालकी सरकारी कागदोपत्री राहिली, पण त्यांच्याविषयीची आपुलकी समाजातून ओसरली. पुढे शहर वाढले, काठ आक्रसले आणि कित्येक तळी बुजली. राणीतालच्या परिसरात आता क्रीडा संकुल आहे.

मदन महल टेकडीवर राणी दुर्गावतीच्या सुमारे १०० कोटी रुपयांच्या स्मारकाची कोनशिला ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बसली. तो सरकारी खर्च आहे, आणि इतिहासाचे जतन हे सरकारचे कामच आहे. पण शहरात उरलेल्या तळ्यांचा गाळ काढणे, काठ राखणे आणि पाणी स्वच्छ ठेवणे हे केवळ निविदांच्या बळावर होणारे काम नाही. त्यासाठी नागरिकांचा पैसा आणि वेळ लागेल, आणि तो तेव्हाच मिळेल, जेव्हा तळ्याची हद्द कागदावर पक्की असेल, खर्च झालेला प्रत्येक रुपया फलकावर लिहिलेला असेल आणि आज काढलेला गाळ उद्याच्या अतिक्रमणासाठी भराव ठरणार नाही, याची हमी असेल. हक्काची आणि हिशेबाची खात्री द्या, मग लोक झाडे लावतील, हे स्लीमनच्या जुन्या विवेचनाचे सार आजही या शहराला लागू पडते.